घरमालकाने दावा लवकर चालवायचा अर्ज दिलाय, भाडेकरूने विरोध करावा का?

बिलकुल करू नका. 'हरकत नाही' लिहून द्या आणि मोकळे व्हा. भाडेकरूने तारखा खात बसायचं असतं हा सल्ला आमच्या घरात माझ्या दिरांनी इतकी वर्षं दिलाय की तुमचा प्रश्न वाचूनच डोकं फिरलं.

आमच्यावर दावा होता वाजवी गरजेचा, म्हणजे मालकाच्या मुलाला राहायला जागा हवी. भाडेपावती सासऱ्यांच्या नावावर. आमची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, गेली, कोर्टाने वादाचे मुद्दे काढले आणि मग मालकाचंच सरतपासाचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे त्याची लेखी साक्ष, येईना, दर तारखेला मुदतीचा अर्ज, किरकोळ कॉस्ट म्हणजे दंडाची रक्कम, पुढची तारीख. दीर म्हणायचे लांबतंय तेवढं आपलंच, भाडं जुनंच आहे ना. ते राहतात स्वतःच्या फ्लॅटमध्ये, छप्पर गळत होतं आमच्या डोक्यावर आणि दुरुस्ती मागितली की मालक म्हणणार दावा चालू आहे. शेवटी मीच वकिलांच्या मागे लागून आमच्या बाजूने दावा लवकर चालवायचा अर्ज द्यायला लावला, सोबत सासऱ्यांच्या वयाचा पुरावा आणि रोजनाम्याच्या, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्या कोर्टाच्या नोंदीच्या, नकला. जज साहेबांनी मालकाच्या वकिलाला सरळ विचारलं, गरज तुमची आणि घाई भाडेकरूला, हे कसं काय? शेवटची संधी दिली. उलटतपासात निघालं की मुलाने दुसरीकडे घर घेऊन संसारही थाटलाय. दावा फेटाळला.

आणि सासऱ्यांची साक्ष त्यांची आठवण शाबूत असताना झाली हे सगळ्यात मोठं. ते आता नाहीत, पण मालक अपिलात गेलाय तिथे त्यांचा जबाब रेकॉर्डवर आहे. रखडलं असतं तर काय दाखवणार होतो?

बाकी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 17 मध्ये सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी, म्हणजे पुढची तारीख, नाही असं लिहिलंय, ते कागदावरच राहतं, पण अर्जात टाकायचं. दावा अमुक वेळात संपवा अशी हायकोर्टातून मुदत बांधून आणू म्हणणारा वकील भेटला तर जपून, 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलंय की वरच्या कोर्टांनी खालच्या केसेसना अशी मुदत अपवादात्मक परिस्थितीतच घालावी.

हां, तुमचा दावा कशावर आहे ते तुम्ही लिहिलंच नाही. थकबाकीचा असेल तर आधी पैसे भरा, समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत सगळं भाडं 15 टक्के व्याजासकट कोर्टात आणि पुढेही दर महिन्याला, नाहीतर लवकर चालून लवकरच बाहेर. लीव्ह अँड लायसन्स संपलेलं असेल तर माझं वरचं सगळं विसरा, ते नेहमीच्या कोर्टात नाही, त्यासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातं आणि बसून राहिलात तर दुप्पट भाड्याची भरपाई लागते. आणि मालकाची गरज खरोखर खरी असेल तर तुम्हाला जास्त अडचण होईल हे दाखवायची तयारी करा, ते कोर्टाला बघावंच लागतं.

दीर आता म्हणतात पावतीवर त्यांचंही नाव लावा. भाडे नियंत्रण कायदा भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला आधी धरतो, ते मी त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलंय. ब्लू टिक आलीय, उत्तर नाही.