पाय लागला, हात वर केला

प्रश्न : माझी 13 वर्षांची मुलगी तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळते, डाव्या कोपऱ्यात. परवा 22-22 अशी बरोबरी असताना शेवटची चढाई झाली. पंचांना काही दिसलं नाही, हिनेच हात वर केला, ‘मला पाय लागला.’ एका गुणाने हरलो. तिचे बाबा बाहेरून ओरडले, ‘तुला कुणी विचारलं होतं का?’ पालकांच्या ग्रुपवर ‘हरिश्चंद्र’ म्हणून चेष्टा चालली आहे. आठ दिवस ती सरावाला गेलेली नाही. तिचं चुकलं का?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, नाही चुकलं. मी 11 वर्षं पंचगिरी केली. एक सरपंच, दोन पंच, उडालेली माती आणि सात पोरींचे चौदा पाय. अंगठा निसटता लागला की नाही, हे पुष्कळदा त्या दोघींनाच ठाऊक असतं. शाळेत असताना मी असा एक स्पर्श गिळला होता. आम्ही जिंकलो. समोरच्या चढाईपटूचं नाव आता आठवत नाही, पण जाताना ती माझ्या घोट्याकडे बघत गेली, ते आठवतं.

ग्रुपवर एवढंच विचारा : आपल्या 22 गुणांतले किती समोरच्या पोरी स्वतःहून बाहेर गेल्या म्हणून मिळाले?

राहिले बाबा. असे बाबा मला दर सामन्यात चार तरी भेटायचे. चुन्याच्या रेषेला चिकटून उभे, पोरीआधी स्वतःच दम धरलेला. त्यांना उपदेश नको. प्रशिक्षकांना सांगून सरावाच्या सामन्यात त्यांच्या हाती शिट्टी द्या. 30 सेकंदांची चढाई, निदान रेषा, बोनस रेषा, आणि पाठीमागून कुणाच्या तरी आईचा आवाज! दहा मिनिटांत घाम फुटतो. हा प्रयोग मी तिघा वडिलांवर केला. दोघे पुढे मुकाट बसायला लागले. तिसरे पंच परीक्षेला बसले, त्यांचा त्रास उलट वाढला.

पण आधी बाबांनी तिच्याशी बोलायला हवं, ‘मी ओरडायला नको होतं,’ एवढंच. पुढे ‘पण’ लावायचा नाही.

आणि तिला माझ्याकडून विचारा, पाय घोट्याला लागला की टाचेला? टाचेला लागला असेल, तर मागचा पाय उचलायला उशीर होतोय. सरावाला गेली की आधी तेवढं बघायला सांगा.