पाब्लो नेरुदाच्या आयुष्यावर आणि कवितेवर अभ्यास करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

आत्मचरित्रापासून करू नका. ते १९७४ साली, नेरुदाच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. उतारवयातला प्रसिद्ध कवी तारुण्य आठवतोय, हे वाचताना सतत ध्यानात ठेवावं लागतं.

आधी कविता वाचा, त्याही कालक्रमाने. १९२४ च्या वीस प्रेमकविता लिहिणारा मुलगा जेमतेम विशीचा होता. १९२७ मध्ये तो चिलीचा वाणिज्यदूत म्हणून रंगूनला गेला, पुढे कोलंबो आणि बटाव्हियाला (आजचं जकार्ता). खरं संशोधन करण्यासारखा काळ हाच, असं मला वाटतं. ‘रेसिदेन्सिया एन ला तिएर्रा’ या त्याच्या संग्रहातल्या अनेक कविता त्या एकाकीपणातून आल्या. त्याच दिवसांत अर्जेंटिनातले लेखक एक्तोर एआंदी यांना लिहिलेली त्याची पत्रं उपलब्ध आहेत. कविता, पत्रं आणि आत्मचरित्रातला तोच भाग शेजारी ठेवून वाचा. स्मृतीने काय बदललं ते स्वच्छ दिसतं. सिलोनमधल्या एका कामकरी स्त्रीवर केलेल्या बळजबरीची कबुलीही आत्मचरित्रात आहे. ती टाळून अभ्यास पुरा होणार नाही.

दुसरं वळण स्पेनचं. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटलं, मित्र असलेल्या स्पॅनिश कवी लोर्काची हत्या झाली आणि कविता उघडपणे राजकीय झाली.

साधनांसाठी चिलीच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘मेमोरिया चिलेना’ हे संकेतस्थळ मोफत आहे. स्पॅनिश येत नसेल तर एकाच कवितेचे दोन-तीन अनुवाद तरी समोर असू द्या.