पौर्णिमेची भरती आणि त्सुनामी

2004 ची त्सुनामी पौर्णिमेच्या दिवशी आली होती, तेव्हा उधाणाची, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी, भरती आणि त्सुनामी यांचा काही संबंध आहे का, असे आपण विचारले आहे. मी नाशिकमध्ये भूगोल शिकवतो आणि समुद्रापासून एवढ्या दूर असलेल्या आमच्या वर्गातही हा प्रश्न हमखास निघतो. दिवसाचा योग खरा आहे. 26 डिसेंबर 2004 रोजी मार्गशीर्ष पौर्णिमा होती. मात्र त्या लाटेला चंद्र कारणीभूत नव्हता. भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ 9.1 तीव्रतेचा भूकंप झाला, समुद्राचा तळ उचलला गेला आणि त्याच्यावरचे सगळे पाणी एका झटक्यात वर ढकलले गेले.

भरतीचे कारण आकाशात आहे. चंद्राची ओढ पृथ्वीच्या जवळच्या बाजूला थोडी जास्त आणि पलीकडच्या बाजूला थोडी कमी असते, आणि या फरकामुळेच पाणी चढते-उतरते. सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी असतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत आले की उधाण येते आणि अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे नेहमीपेक्षा लहान, भरती असते. हे गणित इतके पक्के आहे की कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास. त्सुनामीसाठी असे कोणतेही पंचांग नाही. समुद्रतळाचा भूकंप, दरड कोसळणे किंवा ज्वालामुखीचा स्फोट यांपैकी काहीही, कोणत्याही तिथीला ती निर्माण करू शकते. उधाणाच्या काळात खडकांवर येणाऱ्या ताणामुळे फार मोठा भूकंप होण्याची शक्यता किंचित वाढते, असे टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये मांडले. परंतु त्यावरून भाकीत करता येत नाही.

दोहोंत एक साम्य मात्र आहे, आणि त्याच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. वाऱ्याची लाट फक्त वरचे पाणी हलवते. भरती आणि त्सुनामी या दोन्हींत पृष्ठभागापासून तळापर्यंतचे सर्व पाणी सरकते आणि लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. चार किलोमीटर खोल समुद्रात त्सुनामी ताशी सुमारे 700 किलोमीटर वेगाने जाते, तरी तिची उंची तिथे नगण्य असते. 2004 मध्ये हिंदी महासागरावरून गेलेल्या उपग्रहाने ती जेमतेम 60 सेंटिमीटर मोजली होती. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात तिचा वेग घटतो आणि उंची वाढते. भरतीला चढायला सहा तास लागतात, त्सुनामीला काही मिनिटे. थायलंडच्या किनाऱ्यावर त्या दिवशी पाणी आधी दूरवर ओसरले होते, पण प्रत्येक वेळी असे होतेच असे नाही.

खरा संबंध किनाऱ्यावर जुळतो, कारण तिथे दोन्हींच्या उंचीची बेरीज होते. आमच्या गोदाघाटावर, जिच्यावरून नाशिककर पुराची उंची सांगतात त्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत आधीच पाणी असताना गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला, तर त्याच विसर्गाचा परिणाम वेगळा होतो. तसेच हे आहे. चेन्नईला भरती-ओहोटीतील फरक साधारण एक मीटर असल्यामुळे तिथे लाट कोणत्या वेळी येते याने तुलनेने कमी फरक पडतो. मुंबईत उधाणाच्या दिवशी हा फरक चार मीटरच्या आसपास जातो. त्यामुळे दोन मीटरची त्सुनामी तिथे ऐन ओहोटीला आली, तर पाणी नेहमीच्या भरतीच्या रेषेपर्यंतही पोचणार नाही. तीच साडेचार मीटरच्या भरतीवर स्वार झाली, तर रस्त्यांवर शिरेल. ही चिंता निव्वळ पुस्तकी नाही, कारण नोव्हेंबर 1945 मध्ये मकरानच्या (आजच्या पाकिस्तानच्या) किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती.

शिवाय त्सुनामी म्हणजे एकच लाट नसते. लाटा कित्येक तास येत राहतात आणि तोवर खालची भरती चढू शकते. मार्च 1964 मध्ये अलास्कातील भूकंपानंतर कॅलिफोर्नियातील क्रेसेंट सिटी येथे सुरुवातीच्या लाटा ओसरल्यावर काही लोक आवराआवर करण्यासाठी परतले. चौथी लाट सर्वांत मोठी होती, आणि ती भरतीच्या वेळेजवळ आली.