तुझ्या वहीतले डोंगर आणि पवनेचं पाणी

अगं, तुझं स्केचबुक दोनदा नीट बघितलं. हात चांगला आहे तुझा, रेष कुठे अडखळत नाही, पण एक सांगू का, हे डोंगर कुठलेही वाटतात. तुंग आणि तिकोना हे किल्ल्यांचे डोंगर पवना धरणाच्या काठावर बसून काढलेस ना, मग ते हिमालयासारखे का झाले?

आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणून त्यात आडवी रेष आधी येते आणि उभी नंतर. काळा कडा, मग गवताचा तिरका पट्टा, परत कडा, परत पट्टा. लोहगड-विसापूर बघ, माथा कसा सपाट आहे. आणि गंमत म्हणजे समोरासमोरच्या दोन डोंगरांवर तेच थर जवळपास त्याच पातळीला सापडतात, कारण मधली दरी नंतर पाण्याने खोदलीय. हे एकदा डोळ्यात बसलं की तुला शेडिंग कुठे करायचं हा प्रश्नच पडणार नाही, कड्याला 6बीची मऊ, गडद पेन्सिल, गवताला एचबीची फिकट, हलक्या हाताने, बास. कडा, पदर (कड्याखालचा सपाट टप्पा), सोंड (खाली उतरत जाणारी डोंगराची धार), घळ (अरुंद उतरती खाच), माची (किल्ल्याच्या माथ्याखालचा सपाट भाग) हे ट्रेकवाल्यांचे शब्द पाठ कर, नाव माहीत असलं की डोळा ती गोष्ट शोधतो, हा माझा अनुभव आहे.

आता पाणी. तू डोंगर काढून तोच खाली उलटा उतरवलायस, तसं नसतं गं. प्रतिबिंबात डोंगर असा दिसतो जणू तुझा डोळा पाण्याच्या जितका वर आहे तितकाच खाली आहे, त्यामुळे जवळची टेकडी मागच्या डोंगराला जास्त झाकते आणि पाण्यातला मागचा डोंगर बुटका होतो. मला हे कळायला कित्येक वर्षं लागली, कोणी सांगितलंच नाही, म्हणून तुला आत्ताच सांगतोय.

आणि काठाची रेष! पवना काय, मुळशी काय, खडकवासला काय, ही सगळी धरणं आहेत, पाणी महिन्यामहिन्याला खालीवर होतं. मे मध्ये पाणी उतरतं आणि काठावर उघड्या मातीच्या पट्ट्या दिसतात, एकाखाली एक, तू त्या गाळल्यास आणि तिथे झाडं घातलीस. का? सुंदर दिसावं म्हणून? त्या पट्ट्याच काढ. खडकवासल्यावरून सिंहगड काढशील तेव्हा वरचा टॉवरपण काढ, तो आहे तिथे. मुळशीला जाशील तेव्हा आधी तिथल्या धरणाविरुद्धचा 1921 चा सत्याग्रह वाचून जा, सेनापती बापट कशासाठी लढले ते वाच, त्या पाण्याखाली लोकांची शेतं आहेत हे माहीत असलं की तू तिथे नुसता निळा रंग फासणार नाहीस.

फोटोवरून काढणं सध्या बंद कर, फोटोत कड्याची सावली नुसती काळी होते, आतले थर जातात.

रविवारी सकाळी मी लोकलने कामशेटला उतरून पवनेला जाणार आहे, तू पण ये, रंग आणू नकोस, दोन पेन्सिली आणि कार्ट्रिज पेपर (चित्रकलेचा जाड कागद) पुरे.