सिझर झालंय, दूध पुरत नाहीये… मी कमी पडतेय का?

"ताई, सिझर होऊन आज आठवा दिवस. बाळ सारखं रडतं. सासूबाई म्हणतात सिझरवालीला दूध येतच नाही, म्हणून दिवसातून तीनदा डब्याचं दूध चालू केलंय. अळिवाचे लाडू खातेय पण फरक नाही." – एक बाळंतीण, सांगली

अगं, सिझरवालीला दूध येत नाही हे साफ चूक आहे, उशिरा येतं एवढंच. ऑपरेशन, दुखणं, त्यात बाळ पहिल्यांदा अंगावर घ्यायलाच उशीर झालेला असतो, मग पान्हा फुटायला कुणाला तिसरा, कुणाला पाचवा दिवस उजाडतो, कधी त्याहून जास्त.

आता मुद्द्याचं. दूध लाडवातून येत नाही गं, बाळ ओढतं म्हणून येतं. छाती जेवढी रिकामी होईल तेवढं पुढचं बनतं, आणि तुझं बाळ तीन वेळा डब्याच्या दुधाने पोट भरून झोपतं म्हणजे तीन वेळा तुझ्या शरीराला निरोपच जात नाही की दूध हवंय. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं, रात्रीचं तर अजिबात चुकवू नकोस. डबा द्यावाच लागला तर आधी अंगावर पाज, मग वाटी-चमच्याने दे, आणि त्या वेळी हाताने थोडं दूध पिळून काढ, आलं तेवढं बाळालाच. पण डबा एकदम बंद करू नकोस हं, आधी बाळाचं वजन करून घे आणि डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कर.

टाक्यांवर बाळ ठेवून पाजायला गेलीस तर कळ येणारच, आणि दुखत असलं की पान्हा आखडतो. बाळाला बगलेत घे, पाय तुझ्या पाठीकडे, खाली उशी, किंवा सरळ कुशीवर झोपून पाज. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी अंगावर पाजतेय म्हणून टाळू नकोस (हे फार जणी करतात). तोंडात नुसतं निपल नको, भोवतीचा काळा भागही जायला हवा. आणि रोज तास-दीड तास बाळाला फक्त लंगोटावर तुझ्या उघड्या छातीवर झोपव, वरून दुपटं. साधं वाटतं पण पान्हा सुटायला खूप मदत होते, फक्त त्या वेळी तू जागी राहा.

पुरतंय का हे रडण्यावरून ठरवू नकोस, दिवसात सहा-सात वेळा शू होतेय का बघ. शू कमी, बाळ सुस्त, पिवळं दिसतंय किंवा १४ दिवसांत जन्माचं वजन भरून आलं नाही, तर थेट डॉक्टर. तुला ताप किंवा छातीत लाल दुखरी गाठ, तरीही.

लाडू खा की, बाळंतिणीला ताकद हवीच! सासूबाईंशी वाद नको, त्यांना काळजीच आहे. म्हणावं आई, लाडू तुम्ही करा, रात्री ढेकर तुम्ही काढा, दुपटी तुम्ही बदला, पाजायचं तेवढं माझ्याकडे राहू द्या.