वाचकांचे प्रश्न : माइकसमोर एकट्याने

स्टँड-अप कॉमेडी करणाऱ्या, करू पाहणाऱ्या आणि अशा मुलांच्या काळजीत असलेल्या पालकांच्या पत्रांतून निवडलेल्या पाच प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. मी स्वतः याच व्यवसायावर पोट भरते, त्यामुळे पुस्तकी उत्तरे टाळून रोजच्या कामातून जे उमगले तेच लिहिले आहे.

प्रश्न : माझे वय २३ आहे. कट्ट्यावर माझ्या गोष्टींना मित्र पोट धरून हसतात. त्याच गोष्टी पाच मिनिटांत बसवून ओपन माइकला, म्हणजे कोणालाही नाव नोंदवून मंचावर उभे राहता येते त्या कार्यक्रमात, सादर केल्या, तर कोणी हूं की चूं केले नाही. दोष मजकुराचा आहे की माझा?
— एक वाचक, नाशिक

कट्ट्यावरच्या मित्रांना तुमचे घर, तुमचे मास्तर, तुमच्या सवयी हे सारे आधीपासून ठाऊक असते, त्यामुळे गोष्टीची अर्धी मांडणी त्यांच्या डोक्यात तयारच असते. ओपन माइकला बसलेल्या माणसाला यातले काहीही माहीत नसते आणि तुमच्याजवळ चार-पाच मिनिटेच असतात. म्हणून पंच, म्हणजे हशा पिकवणारे शेवटचे वाक्य, समजण्यासाठी जेवढी माहिती अत्यावश्यक आहे तेवढीच ठेवावी आणि बाकीची, कितीही गमतीची वाटली तरी, काढून टाकावी.

हे कसे करायचे ते एका उदाहरणाने सांगते. समजा, मूळ मजकूर असा आहे : ‘आमच्या सोसायटीतली लिफ्ट बंद पडली होती, म्हणून लिफ्टच्या दुरुस्तीसाठी सातव्या मजल्यावर गच्चीत सभा बोलावली, पण लिफ्टच बंद असल्यामुळे सभेला कोणीच आलं नाही.’ यात गंमत आहे, पण ती पहिल्या चार शब्दांतच फुटली. लिफ्ट बंद आहे हे कळल्यावर आणि सातवा मजला आल्यावर ऐकणारा तुमच्याआधी शेवटाला पोहोचतो. आता तोच मजकूर असा मांडून पाहा : ‘सोसायटीने सभा बोलावली. एकही माणूस आला नाही. सभा होती सातव्या मजल्यावर, गच्चीत. आणि विषय होता, बंद पडलेली लिफ्ट.’ घटना तीच आहे, पण कारण शेवटी आले आणि ‘लिफ्ट’ या शब्दानंतर तुम्ही तोंड मिटलेत.

येथे मराठीत लिहिणाऱ्याने एक गोष्ट कटाक्षाने पाळायला हवी. आपल्या लेखी वाक्यात क्रियापद शेवटी येते. ‘सभेचा विषय बंद पडलेली लिफ्ट हा होता’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, परंतु ‘लिफ्ट’ ऐकून लोक हसू लागतात तेव्हा तुम्ही अजून ‘हा होता’ म्हणत असता, आणि प्रेक्षक सौजन्याने हसू आवरून ते दोन शब्द ऐकून घेतो. बोलीत आपण क्रियापद सहज आधी घेतो : ‘दार उघडलं, तर समोर उभा कोण, घरमालक!’ हा बोलीचा क्रम सेटमध्ये, म्हणजे मंचावर सादर करायच्या मजकुरात, जाणीवपूर्वक वापरावा. मजकूर कागदावर लिहिणे आवश्यकच आहे, मात्र लिहिलेले प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून पाहिल्याशिवाय ते पक्के धरू नये.

पंचानंतर हसू आले, की तिथेच टॅग जोडता येतो, म्हणजे नवी मांडणी न करता मिळवलेला पुढचा हशा. वरच्या विनोदाला तो असा जोडता येईल : ‘ठराव मात्र एकमताने मंजूर झाला. सेक्रेटरी सातव्या मजल्यावरच राहतात.’ पहिले हसू ओसरायला लागले, की हे वाक्य टाकावे. हसू टिपेला असताना बोललात तर ते कोणालाही ऐकू जाणार नाही, आणि पूर्ण शांतता झाल्यावर बोललात तर पुन्हा शून्यातून चढावे लागेल.

प्रत्येक स्पॉट, म्हणजे मंचावर मिळालेली तुमची वेळ, फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. हे ऐकणे फार जड जाते, पण त्याला पर्याय नाही. कोणत्या शब्दावर हसू आले, ते किती टिकले, कुठे तुम्ही घाईने पुढे गेलात, ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ किती वेळा आले, हे मजकुराशेजारी समासात लिहून ठेवा. शिवाय ओपन माइकच्या शांततेचा फार मोठा अर्थ लावू नका. तिथे बसलेल्यांपैकी पुष्कळजण स्वतःच्या स्पॉटची वाट पाहत असतात आणि तुम्ही बोलत असताना मनातल्या मनात आपलाच सेट घोकत असतात. तोच विनोद निदान पाच-सहा निरनिराळ्या खोल्यांत करून पाहावा आणि मगच ठेवायचा की टाकायचा ते ठरवावे. होस्टने वेळ संपत आल्याचा लाइट दाखवला, की मात्र हातातला विनोद संपवून खाली उतरा. लांबवलेले प्रत्येक मिनिट तुमच्यानंतरच्या कलाकाराचे असते.

प्रश्न : आमच्या पिढीने पु. ल. देशपांडे आणि डॉ. लक्ष्मण देशपांडे यांचे एकपात्री प्रयोग पाहिले आहेत. मग आजच्या स्टँड-अपमध्ये नवीन ते काय?
— निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

सर, एकट्या माणसाने सभागृह हसते ठेवणे ही महाराष्ट्राला नवलाईची गोष्ट नाही, हे तुमचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. पु. ल. देशपांडे यांनी साठच्या दशकात एकट्याने रंगमंचावर अख्खी चाळ उभी केली आणि डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधली पन्नासहून अधिक माणसे एका प्रयोगात साकारली. मात्र एकपात्रीत नट पात्रे उभी करतो, संहिता ठरलेली असते आणि प्रेक्षक हा बहुतांशी साक्षीदार असतो. स्टँड-अपमध्ये कलाकार स्वतःच्या नावाने, स्वतःचे म्हणणे, समोरच्या माणसांशी बोलत असतो. पहिल्या रांगेतल्या कोणी उत्तर दिले तर ते उत्तर प्रयोगाचा भाग होते, आणि त्याला बगल देऊन पुढे गेलात तर प्रेक्षकाच्या ते ताबडतोब लक्षात येते.

या दृष्टीने पाहिले तर स्टँड-अपचे आपल्याकडचे अधिक जवळचे नाते तमाशातल्या बतावणीशी आहे, असे मला वाटते. सोंगाड्या ज्या गावात खेळ असेल त्या गावचे संदर्भ घेऊन हजरजबाबीपणाने बोलत असे, आणि त्या रात्रीचा विनोद त्या रात्रीपुरताच असे. आज प्रेक्षकांशी बोलत केलेल्या ज्या विनोदाला क्राऊड वर्क म्हणतात, त्याचे कसब हेच आहे. आमच्या क्षेत्रातल्या तरुणांनी परदेशी कलाकारांचे कार्यक्रम पाहावेत, पण जुन्या सोंगाड्यांची ध्वनिमुद्रणे मिळतील तिथून मिळवून ऐकावीत, असा माझा आग्रह असतो.

नवी आहे ती व्यवस्था. २००५ मध्ये ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ या दूरचित्रवाणी स्पर्धेत हिंगणघाटचे सुनील पाल विजेते ठरले आणि घरोघरी स्टँड-अप पोहोचले. २०१० मध्ये लंडनच्या ‘द कॉमेडी स्टोअर’ने मुंबईत लोअर परळला क्लब काढला, त्यातून आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी तिकीट काढून विनोद ऐकायला जाण्याची सवय लागली. मराठीत २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘भाडिपा’ या यूट्यूब वाहिनीने या प्रकाराला तरुण प्रेक्षक मिळवून दिला. रोज कुठेतरी एखादी लहान खोली आणि एक माइक उपलब्ध असणे, हे एकपात्री कलाकाराच्या वाट्याला कधी आले नव्हते.

प्रश्न : मी नोकरी सांभाळून ओपन माइक करते. माझ्या सासूबाईंवरचे विनोद सर्वांत जास्त चालतात, पण घरी कळले तर काय होईल, ही धास्ती आहे. रात्री घरी परतण्याचाही प्रश्न असतोच.
— एक वाचक, डोंबिवली

घरी कळणार आहे, हे गृहीत धरूनच लिहा. एखादा व्हिडिओ घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यायला एक मावसभाऊ पुरतो. तेव्हा विनोद प्रसिद्ध करण्याआधी सासूबाईंना स्वतः ऐकवता येईल का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. माझ्या अनुभवात, घरातले माणूस विनोदाने जेवढे दुखावत नाही तेवढे ते परक्याकडून कळल्याने दुखावते. आजारपण, पैसा, मूल होणे न होणे यांसारख्या त्यांच्या खासगी गोष्टी त्यांच्या परवानगीखेरीज कधीही वापरू नयेत, मग हशा कितीही मोठा असो.

हा झाला नात्याचा विचार. कलेच्या बाजूनेही सांगायचे तर सासू या विषयावर मराठीत इतके विनोद होऊन गेले आहेत, की शब्द उच्चारताच प्रेक्षक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर आणतो आणि जुन्या सवयीने हसतो. ते हसू तुमचे नसते. तुमच्या सासूबाई ठरावीक चित्रापेक्षा कुठे वेगळ्या आहेत, ते शोधा. त्या पहाटे उठून शेअर बाजाराच्या बातम्या वाचत असतील, तर त्यावर पाच मिनिटे लिहा. तो मजकूर दुसरे कोणीही लिहू शकणार नाही आणि बहुधा त्यांनाही आवडेल.

परतीबाबत मी अगदी व्यवहाराचे सांगते. लाइनअपमधला, म्हणजे त्या रात्रीच्या कलाकारांच्या यादीतला, पहिल्या तासातला स्पॉट मागून घ्या आणि कारण स्पष्ट सांगा. खार-अंधेरीहून दादरला येऊन पुढे डोंबिवली गाठायची, म्हणजे शेवटच्या लोकलच्या भरवशावर राहणे योग्य नाही. जे आयोजक ही विनंती कुरकुरत स्वीकारतात त्यांच्याकडे जाणे कमी करा. मुंबईच्याच उरूज अशफाक यांना २०२३ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिनबरा येथे सर्वोत्कृष्ट नवोदित विनोदकाराचा पुरस्कार मिळाला. अशा यशापर्यंत जाणारी वाटही ओपन माइकवरूनच जाते, आणि बायकांना त्यावर टिकून राहायचे असेल तर खोलीची वेळ आणि सुरक्षितता ही आयोजकाची जबाबदारी आहे, असे आपण सर्वांनी ठामपणे म्हणायला हवे.

प्रश्न : मुलगा बँकेतली नोकरी सोडून कॉमेडी करणार म्हणतो. लोकांना हसवून घर चालते का?
— एक वडील, सोलापूर

चालते, पण नोकरी सोडल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून नाही. ओपन माइकला पैसे मिळत नाहीत. काही ठिकाणी उलट कलाकारालाच नोंदणीचे पैसे भरावे लागतात. लाइनअप कार्यक्रमात सुरुवातीला जाण्यायेण्याच्या खर्चाएवढे मानधन मिळाले तरी पुष्कळ. स्वतःचा तिकीट लावून केलेला कार्यक्रम असेल, तर तिकीटविक्री करणाऱ्या संकेतस्थळाचा हिस्सा आणि कर वजा होऊन उरलेली रक्कम जागेचा मालक आणि कलाकार यांच्यात ठरल्याप्रमाणे वाटली जाते, आणि पन्नास-साठ खुर्च्यांच्या खोलीत त्यातून फार काही हाती लागत नाही.

बहुतेकांचे घर चालते ते कंपन्यांच्या खासगी कार्यक्रमांवर. हे काम कसे असते, ते मुलाने आधी पाहिलेले बरे. हॉटेलचा मोठा हॉल, गोल टेबले, सगळे दिवे लख्ख, वेटर कबाब फिरवत आहेत, निम्म्या खुर्च्यांची पाठ मंचाकडे आहे, आणि बक्षीस वितरण लांबल्यामुळे चाळीस मिनिटांचा कार्यक्रम वीस मिनिटांवर आलेला आहे. विनोद झाला, की कर्मचारी आधी पहिल्या टेबलावरच्या साहेबांकडे पाहतात. साहेब हसले तर हॉल हसतो. राजकारण, धर्म आणि कंपनीतली कपात हे विषय आधीच वगळायला सांगितलेले असतात. अशा ठिकाणी वीस मिनिटे उभे राहणे हे कसबाचे काम आहे आणि ते कमी दर्जाचे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी, अटी ई-मेलवर लिहून घ्याव्यात. मानधनातून साधारणपणे दहा टक्के कर आधीच कापला जातो, तो आपल्या पॅनवर जमा झाला की नाही हे तपासण्याची सवय पहिल्या कार्यक्रमापासून लावावी.

आणखी एक अडचण बाहेरून दिसत नाही. गायकाला लोक जुने गाणे पुन्हा गायला सांगतात, पण विनोदकाराचा व्हिडिओ एकदा पाहिला, की तो मजकूर तिकीट काढून ऐकायला कोणी येत नाही. वर्ष-दीड वर्ष घासून तयार केलेला तासाभराचा मजकूर प्रसिद्ध झाला, की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कोऱ्या वहीपासून सुरुवात करावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये विनोदकार झाकीर खान यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीतून कार्यक्रम केला, हे मुलगा तुम्हाला सांगेल आणि त्याचा अभिमान योग्यच आहे. त्यामागे पुन्हा पुन्हा भरलेल्या अशा वह्या असतात, हे तुम्ही त्याला सांगा.

माझे मत असे, की त्याने नोकरी न सोडता पुण्याला किंवा मुंबईला बदली मागून घ्यावी, कारण सोलापुरात राहून आठवड्याला चार-पाच वेळा मंचावर उभे राहणे शक्य नाही आणि त्यावाचून हे काम येत नाही. सलग एक वर्ष कार्यक्रमांच्या कमाईतून घरभाडे आणि जेवणखाण सुटले, तर राजीनाम्याचा विचार करावा. आणि तुम्ही स्वतः एकदा त्याचा कार्यक्रम पाहायला जा. शेवटच्या रांगेत बसा, म्हणजे त्याला दडपण येणार नाही.

प्रश्न : माझा विनोद दुसऱ्या कलाकाराने जसाच्या तसा केला. कायद्याने काही करता येते का?
— एक वाचक, अमरावती

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याने शब्दांत बांधलेल्या मांडणीला संरक्षण मिळते, कल्पनेला मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. म्हणजे लिफ्टच्या सभेचा विनोद कोणी त्याच वाक्यांत केला तर तुमची बाजू उभी राहू शकते, परंतु बंद लिफ्ट या विषयावर स्वतःचा विनोद करण्यापासून कोणालाही अडवता येणार नाही. चार ओळींसाठी न्यायालयाचा खर्च परवडत नाही, म्हणून प्रत्यक्षात हा प्रश्न आमच्यातच सुटतो. तारखेसह ठेवलेले रेकॉर्डिंग पुढे करा आणि आधी त्या कलाकाराशी एकट्याने, शांतपणे बोला. सोसायट्या, रिक्षा, लग्ने यांवर एकच विनोद दोघांना स्वतंत्रपणे सुचणे नेहमीचे आहे, त्यामुळे समाजमाध्यमांवर आरोप करण्याची घाई करू नका. वाक्ये आणि क्रम दोन्ही तुमचेच असतील आणि तो ऐकत नसेल, तर लाइनअप ठरवणाऱ्या आयोजकाला दोन्ही रेकॉर्डिंग पाठवा. चोरीची खात्री पटल्यावर त्या कलाकाराला स्पॉट देणे बंद करणारे आयोजक आहेत.