तुम्ही विचारा, आम्ही सांगतो : जाहिरातीत विरहाचं गाणं कशाला?

प्रश्न : माझी मुलगी जपानीच्या क्लासला जाते, तिच्या नादानं मी पण यूट्यूबवर जुन्या जपानी जाहिराती बघायला लागले. एक रेल्वेची आहे, पोरगी हातात गिफ्ट घेऊन स्टेशनवर पळत सुटलीय, चेहऱ्यावर नुसता आनंद, आणि मागचं गाणं मुलीनं समजावून सांगितलं तर त्यात म्हणे तो माणूस म्हणतोय की तू काही येणार नाहीस, मी आज एकटाच. तिकिटं विकायला असलं रडकं गाणं कोण लावतंय?
(एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : ताई, प्रश्न लई भारी विचारलात. ती जाहिरात जेआर तोकाई या रेल्वे कंपनीची, 'ख्रिसमस एक्सप्रेस', १९८९ ची. पळणारी मुलगी माकिसे रिहो, स्टेशन नागोयाचं आणि गाणं तात्सुरो यामाशिताचं 'ख्रिसमस इव्ह'. हे गाणं मुळात जाहिरातीसाठी केलेलंच नाही, ते १९८३ चं. रात्र वाढेल तसा पाऊस बर्फ होईल, वाट बघणाऱ्याला आतून माहितीये की ती येणार नाही, एवढंच त्यात आहे, आणि मधल्या तुकड्यात पाखेलबेल या जुन्या युरोपियन संगीतकाराच्या 'कॅनन' या रचनेची चाल यामाशितानं स्वतःचाच आवाज थरावर थर चढवून गायलीय. आलं तेव्हा फार मोठं हिट नव्हतं. १९८८ च्या डिसेंबरात रेल्वेनं ते पहिल्यांदा टीव्हीवर वाजवलं आणि १९८९ च्या डिसेंबरात ते ओरिकॉन या जपानी गाण्यांच्या खपाच्या यादीत एक नंबरला गेलं, म्हणजे निघाल्यावर सहा वर्षांनी! तेव्हापासून डिसेंबर आला की तिकडं हे गाणं लागतंच.

आता रडकं का, तर तिकडं ख्रिसमसची आदली रात्र ही चर्चपेक्षा जोडप्यांची रात्र झालीय, आणि त्या रात्री एकटं असणं लोकांना फार लागतं. त्यात १९८८-८९ म्हणजे मोबाइल नाहीत, स्टेशनांवर निरोप लिहायला खडूचे फळे असायचे. गाडी आली, माणसं उतरली, त्यात आपलं माणूस दिसलं नाही की संपलं, कुणाला फोन करणार? पहिल्या, १९८८ च्या जाहिरातीत नेमकं हेच दाखवलंय, माणसं उतरून निघून जातात, वाट बघणाऱ्या एरी फुकात्सु या नटीचा चेहरा पडतो, आणि मग तिचा प्रियकर खांबामागून बाहेर येतो. गाणं म्हणतंय येणार नाही, आणि चित्र म्हणतंय, आला की! माझ्या मते सगळी ताकद या दोघांच्या भांडणात आहे. तिथं आनंदाचं गाणं लावलं असतं तर तो येणार हे पहिल्याच सेकंदाला कळलं असतं, मग पुढं बघायचं काय? आणि तिकिटाची किंमत सगळ्यात जास्त कुणाला कळते, तर ज्याला त्या रात्री एकटं बसायची भीती वाटते त्यालाच.

याच कंपनीची १९८७ ची 'सिंड्रेला एक्सप्रेस' पण जरूर बघा, मला तर ती जास्त आवडते. सरकारी रेल्वेचे तुकडे होऊन जेआर तोकाई १ एप्रिल १९८७ ला जन्मली आणि त्याच वर्षी त्यांनी ही जाहिरात काढली. गाणं युमी मात्सुतोया या गायिकेचं, १९८५ चं. रविवारी रात्री नऊची तोक्योहून ओसाकाकडं जाणारी शेवटची शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, आणि प्लॅटफॉर्मवर ताटातूट होणारी जोडपी. म्हणजे आपलीच गाडी दोघांना तोडतेय हे रेल्वेनं स्वतः पैसे घालून टीव्हीवर दाखवलं, का तर पुढच्या शुक्रवारी परत आणणारी पण तीच असते. आपल्याकडं रविवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसला नाहीतर सीबीएसवर पुण्याच्या गाडीला पोरांना सोडायला जाणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

प्रश्न : एवढ्या मनातलं गाणं वस्तू विकायला द्यायचं, गायकांना कमीपणा वाटत नाही का?
(एक विद्यार्थी, कळंबा)

उत्तर : नाही रे, उलट तिकडं तो मोठा मान समजला जायचा. याला ते 'टाय-अप' म्हणतात, रेकॉर्ड कंपनी आणि जाहिरातवाले मिळून गाणं ठरवतात, पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात गाण्याचं आणि गायकाचं नाव येतं. जाहिरात पंधरा नाहीतर तीस सेकंदांची, त्यात बसतो फक्त 'साबी', म्हणजे गाण्याचा सगळ्यात वर जाणारा भाग, आणि पूर्ण ऐकायचं तर दुकानात जाऊन रेकॉर्ड, पुढं सीडी घ्यायची. यामाशिताचंच बघ, १९८० मध्ये मॅक्सेलच्या कॅसेटच्या जाहिरातीत तो स्वतः दिसला, 'राइड ऑन टाइम' गाजलं आणि तेच त्याचं पहिलं मोठं हिट.

पण सगळीकडं जमतंच असं नाही. १ जानेवारी १९९६ ला आलेलं ग्लोब या बँडचं 'डिपार्चर्स' जेआर ईस्ट या दुसऱ्या रेल्वे कंपनीच्या स्कीच्या जाहिरातीत होतं आणि २० लाखांच्या वर खपलं. गाणं सुंदरच आहे, बर्फासारखी साचत जाणारी आठवण. पण जाहिरातीत त्यातला फक्त बर्फ वापरलाय, ती साचलेली आठवण स्कीच्या मजेत दिसतच नाही. तू आधी पूर्ण गाणं ऐक, मग जाहिरात बघ, लगेच कळेल मी काय म्हणतोय.

प्रश्न : आपल्याकडं ज्ञानेश्वरांच्या विरहिणींपासून लावणीपर्यंत विरह भरभरून आहे, पण तो कुणी साबणाला लावला तर मला सहन व्हायचं नाही. दुःख बाजारात मांडणं योग्य वाटतं का तुम्हाला?
(एक निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ)

उत्तर : सर, साबणाला मलाही चालणार नाही. विरहाचं गाणं लावायचं तर त्या वस्तूचा विरहाशी खरंच संबंध पाहिजे, रेल्वेचा आहे, साबणाचा नाही. पण एक उदाहरण सांगतो, त्याच्यापुढं मी हा नियम बाजूला ठेवतो. अश्रू खाली सांडू नयेत म्हणून वर बघत चालणाऱ्या एकट्या माणसाचं गाणं क्यू साकामोतोनं १९६१ मध्ये गायलं, १९६३ मध्ये ते अमेरिकेत 'सुकियाकी' या नावानं एक नंबरला गेलं. बरेच लोक ते प्रेमभंगाचं गाणं म्हणूनच ऐकतात, पण ते लिहिणारा रोकुसुके एई हा १९६० च्या अमेरिका-जपान सुरक्षा करारविरोधी आंदोलनातून हताश होऊन घरी परतत होता, मूळ दुःख तिथलं. साकामोतो १९८५ च्या ऑगस्टमध्ये जपान एअरलाइन्सच्या अपघातात गेला. पुढं ११ मार्च २०११ चा भूकंप आणि त्सुनामी झाल्यावर काही आठवड्यांतच सनटोरी या पेयांच्या कंपनीनं हेच गाणं जाहिरातीत घेतलं, नट-नट्या आणि गायक एकामागून एक येतात आणि एकेक ओळ गातात. कंपनीचं नाव त्यातही आहेच सर, पण घरदार वाहून गेलेल्या माणसांना त्या महिन्यात टीव्हीवर कुणीतरी हे गाऊन दाखवलं, हे मला योग्यच वाटतं.